वाळू फुकट, वळसे महाग

केळशीच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवायला पैसे लागत नाहीत. आंजर्ल्याला नाही, आड्याला नाही, कर्दे-मुरूडलाही नाही. केळशीच्या वाळूच्या टेकडीला तिकीट नाही, कुंपण नाही, खिडकीत बसलेला माणूस नाही. तरीही दापोलीच्या किनारपट्टीवरून दोन रात्री राहून आलेलं चौघांचं कुटुंब पंधरा-वीस हजारांचा आकडा सांगतं, आणि त्यातले निम्मे पैसे कुठे गेले हे त्यांना नीट आठवत नाही. आम्ही गेली काही वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी तिकडे जातो. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. घरी परतल्यावर वहीत खर्च मांडायची सवय सासूबाईंची. त्या वहीतून जे कळलं ते असं, की इथे समुद्र खिसा कापत नाही. कापतात त्या खाड्या आणि कॅलेंडर.

आधी खाड्यांचं. दापोली-मंडणगडचा नकाशा उघडला की गावं एका माळेत ओवल्यासारखी दिसतात. उत्तरेला बाणकोट, मग वेळास, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे आणि खाली दाभोळ. वाटतं, सकाळी एका टोकाला निघावं, संध्याकाळी दुसऱ्या टोकाला चहा घ्यावा. प्रत्यक्षात दर दोन-चार गावांमध्ये एक खाडी आत घुसलेली आहे. पूल असेल तर दहा मिनिटं, नसेल तर डोंगर चढून उतरून तास. आंजर्ले आणि हर्णै यांच्यामध्ये जोग नदीची खाडी आहे. पूल झाला तेव्हापासून ही गावं शेजारी झाली. केळशी आणि वेळास मात्र नकाशावर बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर असूनही मध्ये भारजेची खाडी आहे. तिकडे जायचं असेल तर फोनवरच्या नकाशाचं ऐकण्याआधी घरमालकांना विचारावं, ‘कोणता रस्ता धरू?’ पहिल्या वर्षी आम्ही विचारलं नाही. एका दिवसात तीन गावं ‘करायची’ म्हणून निघालो, आणि दिवसभरात वाळूवर जेमतेम दीड तास उभे राहिलो. बाकी सगळा वेळ घाट, वळणं आणि मुलाच्या उलट्या.

म्हणून पहिला सल्ला खर्चाचाच आहे: मुक्काम एकाच गावी ठेवा. टेकडी आणि शांत किनारा हवा असेल तर केळशी किंवा आंजर्ले. मासळी, किल्ला, पाण्यातले खेळ आणि हॉटेलांची गर्दी चालणार असेल तर हर्णै-मुरूड-कर्दे. कासवं बघायची असतील तर वेळास. तिन्ही हवं असेल तर तीन रात्री काढा. दोन रात्रींत तिन्ही बसवू नका.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड या वाटेने गेलं तर एका बाजूचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. जाऊन-येऊन चारशे आणि तिथलं फिरणं दीडशे धरा. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला साधारण ३७ लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०४ रुपयांच्या आसपास दराने ३,८०० रुपये झाले. ताम्हिणीच्या वाटेला टोल नाही, पण रस्ता दरवर्षी कुठे ना कुठे खणलेला असतो, तेव्हा अंधार पडायच्या आत पोचेल असं निघा. टाकी आणि पाकीट दोन्ही दापोलीत किंवा मंडणगडात भरून घ्या. पुढे गावांत मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज गेली की क्यूआर कोडचा तो कागद नुसता भिंतीवर चिकटलेला राहतो.

गाडी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. एसटीचा हिशेब चारचाकीला लाजवतो. साध्या गाडीचं पुणे-दापोली भाडं साडेतीनशेच्या घरात पडतं. बायकांना निम्मं तिकीट, ही सवलत मार्च २०२३ पासून आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंतच्यांना निम्मं आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. आमच्या चौघांचं एका बाजूचं भाडं सातशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून चौदाशे. सासूबाईंनी आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि ते अजून तिथेच आहे. मुंबईकरांनी कोकण रेल्वेने खेडला उतरावं. मांडवी एक्स्प्रेस थांबते, आणि खेडहून दापोली एसटीने तासाभरावर.

अडचण येते ती पुढे. दापोलीहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कमी आहेत. गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पहाटे परत निघते. ती चुकली की रिक्षा. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली तर बाराशे ते अठराशे रुपये मोजावे लागतात. बोलणी निघण्याआधी करा, आणि ‘थांबायचे पैसे धरून’ हे तीन शब्द उच्चारायला विसरू नका. एक दिवस रिक्षा केली तरी एसटीचा प्रवास गाडीपेक्षा स्वस्तच पडतो.

आता कॅलेंडर. इथला एकच खोलीचा दर नसतो. जानेवारीतल्या मंगळवारचा दर वेगळा, शनिवारचा वेगळा, आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारीचा दर विचारायला हिंमत लागते. या हंगामात घरगुती निवासात दोघांची साधी खोली आठवड्याच्या मधल्या दिवशी १,२०० ते १,८०० रुपयांना मिळते. शनिवार-रविवारी २,००० ते २,५०० होतात. जोडून सुट्ट्या आल्या की त्याच खोलीला ४,००० आणि वर. जास्तीची गादी ३०० ते ५००. वातानुकूलित खोलीचे सात-आठशे अधिक, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याची गरज नसते. रात्री चादर ओढून घ्यावी लागते. तेव्हा त्या पैशांची मासळी खा.

बुकिंग करताना तीन गोष्टी फोनवर विचारा आणि मेसेजवर लिहून मागा. दर माणशी आहे की खोलीमागे? जेवण धरून आहे की वेगळं? रद्द केलं तर आगाऊ रक्कम किती परत? एका वर्षी मुलाला ताप आला म्हणून आम्ही चार दिवस आधी कळवलं. तीन हजार आगाऊ दिलेले होते. ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू,’ असं मालक म्हणाले. पुढच्या वेळी फोनवर दुसराच माणूस होता. आमच्याकडे काहीच लेखी नव्हतं. लेखी असतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी करता आली असती.

त्याहून मोठा धोका आहे बनावट रिसॉर्टचा. दुसऱ्या कुणाच्या बंगल्याचे फोटो, निम्मा दर, ‘आजच पूर्ण पैसे भरा’ असा तगादा, आणि पैसे गेले की फोन बंद. ओळख नसलेल्या ठिकाणी पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पाव-अर्धी द्या. त्याआधी व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. खरा मालक कुरकुरत का होईना दाखवतो, आणि मागून कोंबडी ओरडताना ऐकू येते. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

बिलावरचा कर एकदा समजून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, आधी तो बारा होता. बिलावर जुना दर दिसला तर बोट ठेवून विचारा. ज्या छोट्या घरगुती निवासांची जीएसटी नोंदणीच नाही, त्यांना हा कर लावता येत नाही. नोंदणी असेल तर क्रमांक बिलावर छापलेला असतो. मोठ्या हॉटेलांत ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची ओळ असते. ती ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. नको असेल तर काढायला सांगा. त्यापेक्षा जेवण वाढणाऱ्या मुलाच्या हातात पन्नास रुपये ठेवलेले बरे, असं माझं मत.

जेवणाचं गणित सोपं आहे, पण अट एकच: आधी सांगावं लागतं. केळशी-आंजर्ल्यात पाटी बघून आत शिरलं आणि ताट आलं, असं होत नाही. सकाळी दहाच्या आत मुक्कामाच्या घरच्या काकूंना सांगितलं तर दुपारी जेवण. शाकाहारी ताट १५० ते २५०. उकडीचा मोदक नगाला ३० ते ५०. सुरमई किंवा पापलेटचं ताट ३५० ते ६००, तुकडा केवढा यावर. इथली बरीच घरं शाकाहारीच रांधतात, तेव्हा मासे हवे असतील तर बुकिंगच्या वेळीच विचारा. आणि पापलेटचा हट्ट सोडा. बांगडा, मांदेली, बोंबील यांचं ताट निम्म्या पैशात येतं, आणि ताजेपणात ते पापलेटला हरवतं. जूनच्या १ तारखेपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात पानात आलेली ‘ताजी’ सुरमई कुठल्या बर्फातून आली असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

हर्णैचा मासळी लिलाव बघायला पैसे पडत नाहीत, आणि सगळ्या सहलीत आमच्या मुलाला तोच सर्वांत जास्त आवडला. संध्याकाळच्या सुमाराला बोटी येतात, बैलगाड्या पाण्यात शिरून माल वाळूवर आणतात, आणि बोली सुरू होते. बोली टोपल्यांची असते. चौघांच्या कुटुंबाने तिथे हात वर करू नये. मागे बसलेल्या मावशींकडून वाटा घ्यावा. पहिला भाव ऐकून पुढे चालायला लागावं, हे मी शिकवण्याची गरज नाही. मुक्कामाच्या घरी मासे साफ करून, शिजवून द्यायचे वेगळे पैसे घेतात. ते घेणारच. तेलमसाला आणि दोन तासांची मेहनत त्यांची असते.

पाण्यातल्या खेळांसाठी मुरूड-कर्दे. बनाना राइड माणशी दोनशे-अडीचशे, डॉल्फिन बघायची फेरी तेवढीच, पॅरासेलिंग हजाराच्या आसपास. तिन्हीचं ‘पॅकेज’ घेतलं तर थोडं कमी. घासाघीस जरूर करा, पण आधी लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघा. क्लिप तुटलेली असेल तर फुकट दिलं तरी बसू नका. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात अशा व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नये. डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत मिळत नाहीत, हेही बोटीत चढण्याआधी समजून घ्या. सुवर्णदुर्गासाठी हर्णैहून होडी मिळते. माणशी दरापेक्षा दुसऱ्या कुटुंबाबरोबर मिळून अख्खी होडी ठरवली तर स्वस्त पडते. मात्र होडी किल्ल्याला लागेल की नाही हे पाणी ठरवतं.

आणि पाणी केव्हा किती असेल हे तुमच्या घरातलं पंचांग सांगतं. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. ते भरतीचे तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला. मिनिटाचा हिशेब नव्हे, पण सहल आखायला पुरतो. आता याचा अर्थ बघा. अष्टमीच्या शनिवारी गेलात तर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, फिरायच्या नेमक्या वेळेला पाणी सुरूंच्या जवळ आलेलं, वाळूची नुसती पट्टी शिल्लक. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे गेलात तर सकाळ-संध्याकाळ ओहोटी, ओली घट्ट वाळू, मैलभर चाला. आम्ही आता सुट्टी आधी पंचांगात बघतो आणि मग ऑफिसात मागतो. फक्त हे लक्षात ठेवा की याच दिवसांत उधाण असतं. पाणी ओसरताना पायाखालून ओढतं. तेव्हा चालायला हे दिवस उत्तम, पोहायला नव्हेत. या किनाऱ्यांवर सगळीकडे जीवरक्षक नसतात.

भरती-ओहोटी न कळल्याचा सर्वांत महागडा नमुना मी आंजर्ल्याला पाहिला. चार तरुण फोटोसाठी नवी कोरी गाडी ओल्या वाळूत घेऊन गेले. मागची चाकं बसली. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी बसली. पाणी चढायला लागलं तसा आवाज बारीक झाला. ट्रॅक्टर येईपर्यंत दारापर्यंत लाटा. ट्रॅक्टरवाल्याने पाच हजार सांगितले, आणि त्या क्षणी कुणीही घासाघीस केली नाही. वर इंजिनातल्या खाऱ्या पाण्याचं बिल वेगळं. किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल पोलीस गुन्हेही नोंदवतात.

आता जिच्यासाठी मी केळशीला जाते ती टेकडी. खाडीच्या मुखाजवळ वाळूचा हा प्रचंड ढीग उभा आहे. लांबून बघणाऱ्याला तो मातीचा डोंगरच वाटतो. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाळूच्या थरांत खापऱ्या, शंखशिंपले, राख, नाणी असे माणसाच्या वस्तीचे अवशेष सापडले. १५२४ मध्ये वास्को द गामाचा काफिला दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची पोर्तुगीज नोंद आहे. त्या सुमाराच्या त्सुनामीने ही वाळू इथे आणून टाकली, अशी मराठे यांची मांडणी. इतर किनाऱ्यांवर वारा कणाकणाने टेकड्या रचतो. इथे एका लाटेने एवढं काम केलं असेल, हे तिथे उभं राहून मनात आणलं की पाठीमागच्या शांत समुद्राकडे एकदा वळून बघावंसं वाटतं.

बघायला खर्च शून्य. लागतं ते एवढंच: सकाळची वेळ, टोपी, पाण्याची बाटली आणि थोडा संयम. उतारावरून घसरगुंडी करू नका, खापरी उचलून खिशात घालू नका. वाळूवर पसरलेली मर्यादवेल आणि काटेरी गोळ्यांची रावणाच्या मिशा ही गवताची जात वाळू धरून ठेवतात. ती उपटली की वाऱ्याला वाट मिळते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात आहेत. हे ‘सी-व्ह्यू प्लॉट’चं पत्रक हातात ठेवणाऱ्यालाही सांगा, आणि त्यालाच विचारा की जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याच्या नावावर ती कशी होणार. दोन दिवसांच्या सहलीत वीस लाखांचा निर्णय घेतलेले लोक मला माहीत आहेत. टेकडी झाली की गावात महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा बघा, दोन्हीकडे दानपेटीत टाकाल तेवढाच खर्च.

वेळासची कासवं हा वेगळा हिशेब आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे गावाच्या घराघरांत पाहुणे उतरू लागले. राहणं-जेवण धरून माणशी ९०० ते १,२०० रुपये पडतात. पिल्लं साधारण फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंत सोडतात, सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ती बाहेर येतील याची हमी कुणी देत नाही. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा एकही नाही, दुसऱ्यांदा चौदा. तेव्हा किमान एक रात्र राहा, म्हणजे दोन संधी मिळतात. गुहागरकडे जाणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे फेरी घ्यावी. गाडीसकट पलीकडे जायला लागणारे दोन-अडीचशे रुपये, चिपळूणवरून वळसा घालण्याच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी. बाणकोटच्या खाडीवरच्या वेसवी-बागमांडले फेरीचंही तेच. दर पाटीवर लिहिलेले असतात, शेवटच्या फेरीची वेळ मात्र विचारून ठेवा.

सासूबाईंच्या वहीतलं शेवटचं पान असं. दोन रात्री, चौघं, आंजर्ल्याला मुक्काम, साधा शनिवार-रविवार: पेट्रोल ३,८००, खोली आणि दोन जास्तीच्या गाद्या मिळून ५,२००, चार जेवणं ४,०००, नाश्ता ५६०, चहापाणी ६००, होडी आणि खेळ १,२००, घरी न्यायचं सामान १,५००. एकूण १६,८६०. हीच सहल नाताळात केली तर नुसत्या खोलीचेच पाच हजार वाढतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी एसटीने गेलात, तर एका दिवसाची रिक्षा धरूनही चौदा-पंधरा हजारांत बसते.

त्या पंधराशेच्या सामानाखाली त्यांनी रेघ मारून लिहिलंय: ‘आगळ काकूंकडूनच घेणे. हायवेवरचं पातळ.’